चाळीस टक्क्यांचं घर: इंग्लंडमधली शेअर्ड ओनरशिप समजून घेताना

गेल्या महिन्यात रेडिंगहून एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. नवरा-बायको दोघंही नोकरीत, तीन वर्षांची मुलगी, आणि राहत्या फ्लॅटची मालकीण घर विकायला काढतेय. "ताई, राइटमूव्हवर, त्या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर, दोन बेडरूमचा नवाकोरा फ्लॅट दिसतोय. एक लाख वीस हजार पौंड. इतका स्वस्त कसा? काही गडबड तर नाही ना?"

गडबड काही नव्हती. फोटोखाली बारीक अक्षरांत "४० टक्के हिस्सा" असं लिहिलेलं होतं. फ्लॅटची खरी किंमत तीन लाख पौंड. जाहिरातीत दाखवला होता तो त्यातल्या चाळीस टक्क्यांचा आकडा. इथे नव्याने घर शोधणाऱ्या आपल्या बहुतेक लोकांची शेअर्ड ओनरशिपशी पहिली गाठ अशीच पडते, आणि बरेच जण किंमत पाहून आधी हरखतात, मग घाबरतात. दोन्हीची गरज नाही. ही सरकारमान्य योजना आहे आणि कित्येक कुटुंबांना तिच्यामुळेच स्वतःच्या घराचा उंबरा दिसला. आमचंही त्यातलंच एक. पण अर्ज करण्याआधी तिचा भाडेकरूचा अर्धा भाग नीट वाचायला हवा. मालकीचा भाग सगळेच वाचतात.

आपल्या डोक्यात घराचे दोनच प्रकार असतात, भाड्याचं आणि स्वतःचं. शेअर्ड ओनरशिपमध्ये तुम्ही एकाच घरात दोन्ही असता. घराचा काही हिस्सा तुम्ही मॉर्गेज काढून विकत घेता, उरलेला हिस्सा हाउसिंग असोसिएशनकडे, म्हणजे परवडणारी घरं पुरवणाऱ्या संस्थेकडे, राहतो आणि त्या हिश्शाचं भाडं तुम्ही दरमहा देता. राहता मात्र पूर्ण घरात, त्यात दुसरा कोणी भागीदार येऊन बसत नाही. मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलेल्यांना हे जरा लवकर समजतं, कारण पैसे मोजून आत आलेला माणूस तिथेही महिन्याचं भाडं भरतच असतो. पण तुलना तिथेच थांबवावी. पागडीचं भाडं वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. इथलं दरवर्षी वाढतं.

मी त्याला फोनवरच कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि आकडेमोड केली. तीन लाखांच्या घराचे ४० टक्के म्हणजे १,२०,००० पौंड. डिपॉझिट त्या हिश्शावर मोजतात, पूर्ण किमतीवर नाही. साधारण ५ ते १० टक्के मागतात. १० टक्के धरले तर १२,००० पौंड हातात हवेत, उरलेल्या १,०८,००० चं मॉर्गेज. ५ टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ५८० पौंड. आता दुसरा अर्धा. असोसिएशनचा हिस्सा १,८०,००० पौंडांचा. सुरुवातीचं वार्षिक भाडं बहुधा त्याच्या २.७५ टक्के असतं, म्हणजे ४,९५० पौंड, महिन्याला ४१२ च्या आसपास. त्यावर सर्व्हिस चार्ज. त्या फ्लॅटचा होता १८० पौंड. तिन्ही मिळून महिन्याला साधारण १,१७० पौंड.

"म्हणजे आत्ताच्या भाड्यापेक्षा कमीच की!" तो म्हणाला. पहिल्या वर्षी कमी, हे खरंच आहे. म्हणून पुढचं सांगणं आलं.

भाडं दरवर्षी वाढतं. २०२३ च्या ऑक्टोबरनंतरच्या नव्या लीजमध्ये (लीज म्हणजे असोसिएशनशी होणारा घराचा दीर्घ मुदतीचा करार) वाढीचं सूत्र सीपीआय अधिक १ टक्का असं आहे, त्याआधीच्या बहुतेक लीजमध्ये आरपीआय अधिक अर्धा टक्का. सीपीआय आणि आरपीआय हे महागाई मोजायचे दोन निर्देशांक, आणि आरपीआय सहसा जास्त भरतो. महागाई ३ टक्के राहिली तर नव्या लीजचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढेल, आणि आजचे ४१२ दहा वर्षांनी ६१० पौंड होतील. महागाई उतरली तरी भाडं खाली येत नाही. २०२२ मध्ये महागाई भडकली तेव्हा सूत्राप्रमाणे वाढ दहा टक्क्यांच्या पुढे गेली असती. पुष्कळ हाउसिंग असोसिएशननी स्वतःहून ती ७ टक्क्यांवर थांबवली. आमचं लीज जुन्या पद्धतीचं, आम्हालाही ७ टक्क्यांचं पत्र आलं. ते पत्र मी फ्रिजवर लावून ठेवलं होतं, कारण घरखर्चाची वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागली.

सर्व्हिस चार्जची गोष्ट त्याहून बोचरी आहे. हिस्सा तुमचा चाळीस टक्के असला तरी सर्व्हिस चार्ज शंभर टक्के तुमचा. लिफ्ट, जिन्यातले दिवे, बाग, इमारतीचा विमा, व्यवस्थापनाची फी, सगळं पूर्ण भरायचं. त्याला वरची मर्यादा नाही. पार्लमेंटच्या गृहनिर्माण समितीने मार्च २०२४ मधल्या अहवालात वाढती भाडी, मर्यादा नसलेले सर्व्हिस चार्ज आणि दुरुस्तीचा अन्यायकारक बोजा यांवरच बोट ठेवलं आहे. माझं स्पष्ट मत असं की या योजनेत घर परवडतं का, याचं उत्तर मॉर्गेजच्या आकड्यात नसून भाडं आणि सर्व्हिस चार्ज या दोन आकड्यांत असतं. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा किचनचे ओटे नंतर बघा. आधी गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज मागा. इमारत नवी असेल तर पुढच्या वर्षाचा अंदाज मागा आणि तो कसा काढला तेही विचारा. विक्रीच्या ऑफिसातली मुलं बरेचदा "अंदाजे" म्हणून सोडून देतात. लेखी मागा.

नवं लीज आणि जुनं लीज हा फरक मी सगळ्यांना दोनदा सांगते. २०२१ नंतर सरकारने योजनेचे नियम बदलले. नव्या प्रकारच्या घरात हिस्सा १० टक्क्यांपासून घेता येतो, जुन्यात तो २५ पासून सुरू व्हायचा. दोन्हींत पहिल्यांदा जास्तीत जास्त ७५ टक्के. नव्यात लीज ९९० वर्षांचं मिळतं, जुन्यात बहुधा ९९ किंवा १२५ वर्षांचं. नव्यात पहिली दहा वर्षं इमारतीच्या बाहेरच्या आणि मूळ ढाच्याच्या दुरुस्तीचा खर्च असोसिएशनकडे असतो, आणि घरातल्या गरजेच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे पाइप, हीटिंग वगैरेंसाठी, वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. जुन्यात यातलं काहीच नाही. आमचा बॉयलर ऐन जानेवारीत बंद पडला तेव्हा पूर्ण बिल आम्हीच भरलं. असोसिएशनच्या मालकीचे साठ टक्के त्या बिलात कुठे दिसले नाहीत.

बाजारात दुसऱ्या हाताने विकायला आलेली शेअर्ड ओनरशिपची घरं बहुतेक जुन्या लीजची असतात. ती वाईट असतात असं नाही. कधी कधी जागा मोठी मिळते, सर्व्हिस चार्जचा इतिहास समोर असतो. पण लीजची किती वर्षं उरली आहेत ते पाहाच. ऐंशीच्या जवळ आलेलं लीज वाढवून घ्यायचा खर्चही पूर्ण तुमच्याच गळ्यात पडतो.

आता पात्रता. मी इंग्लंडबद्दलच लिहितेय, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या आहेत. कुटुंबाचं एकूण वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांपर्यंत हवं, लंडनमध्ये ९०,००० पर्यंत. दोघं मिळून घर घेत असाल तर दोघांचा पगार धरतात. आणि तुमच्या गरजेचं घर खुल्या बाजारात पूर्ण विकत घ्यायला तुमची डिपॉझिट-मॉर्गेजची ऐपत पुरत नाही, हे दिसायला हवं. पहिलंच घर घेणारे यात येतातच. पूर्वी घर होतं पण आता परवडत नाही असे, किंवा संसार मोडल्यावर नव्याने सुरुवात करणारेही येतात. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातल्या काही बायका घटस्फोटानंतर "माझं नाव एकदा घरावर होतं, आता मला काही मिळणार नाही" असं धरून बसतात. तसं नाही.

आणि मग येतो आपल्या लोकांचा प्रश्न: भारतातलं घर. अर्जात विचारलेलं असतं, तुमच्या नावावर या देशात किंवा परदेशात दुसरं घर आहे का. आम्ही हा रकाना २०१९ मध्ये भरला तेव्हा मी बेधडक "नाही" लिहिणार होते. मग नवऱ्याने आठवण करून दिली, बाबा गेल्यावर वाईजवळच्या गावच्या घराला वारसनोंद झाली होती. भावाला फोन केला. त्याने ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्याचा फोटो पाठवला. बाबांच्या नावाला कंस करून खाली आम्हा तिघा भावंडांची नावं, माझं तिसरं, लग्नाआधीच्या आडनावाने. दोन खोल्या, पडवी, अर्धी भिंत मातीची. पण घर ते घरच. सॉलिसिटरला कळवलं. असोसिएशनला लेखी खुलासा, उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि माझ्या वाट्याच्या किमतीचा कागद द्यावा लागला. त्यात चार आठवडे गेले, तोवर आम्ही निवडलेला फ्लॅट दुसऱ्याने घेतला. दुसरा मिळाला, तो भाग वेगळा. पण तो कागद आधीच तयार असता तर ते चार आठवडे वाचले असते.

इथे दोन वेगवेगळे नियम आहेत, ते एकात एक मिसळू नयेत. एक योजनेचा: दुसरं घर असेल तर असोसिएशनला ते आधी सांगायचं, आणि बहुतेक वेळा ते विकावं लागतं. दुसरा स्टॅम्प ड्यूटीचा. पहिलं घर घेणाऱ्यांना ३,००,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी माफ आहे, घराची पूर्ण किंमत ५,००,००० च्या आत असेल तर. पण "पहिलं घर" म्हणजे जगात कुठेही, कधीही, एकट्याच्या किंवा सामाईक नावावर घर नसलेला माणूस. वारसाने आलेलंही धरतात. आणि दोघं मिळून घेत असतील तर दोघांचंही पहिलंच असावं लागतं. पुण्यात लग्नाआधी आईबरोबर जॉइंट नावावर घेतलेला फ्लॅट असेल तर ही सवलत गेली. त्या फ्लॅटमधला तुमचा वाटा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल आणि तो तुमच्याकडेच राहणार असेल, तर दुसऱ्या घराची जादा ५ टक्के ड्यूटीही लागू शकते. नुसती शेतजमीन, सात-बारावर नाव, एवढंच असेल तर ते राहतं घर नव्हे. पण शेतात घर बांधलेलं असेल तर तेही सांगा. लपवून काही मिळत नाही, खोटी माहिती दिली तर व्यवहार शेवटच्या आठवड्यातही मोडतो.

स्टॅम्प ड्यूटीबाबत आणखी एक. शेअर्ड ओनरशिपमध्ये ती पूर्ण घराच्या किमतीवर एकदाच भरायची की आत्ता फक्त हिश्शापुरती, हे तुम्ही निवडू शकता. हिश्शापुरती निवडलीत तर पुढे हिस्सा वाढवताना ८० टक्क्यांच्या वर जाईपर्यंत पुन्हा भरावी लागत नाही. पुढे पूर्ण घर घ्यायची खात्री किती, यावर हे ठरतं. सॉलिसिटरकडून दोन्हीचा आकडा काढून घ्या.

अर्जाची वाट फारशी अवघड नाही, पण घाईची असते. पूर्वी सरकारच्या नेमलेल्या एजंटकडे नाव नोंदवावं लागायचं, आता अर्ज सरळ त्या घराच्या हाउसिंग असोसिएशनकडे जातो. बहुतेक घरं प्रथम येणाऱ्याला मिळतात. सैन्यातल्या लोकांना अग्रक्रम आहे, आणि काही गावांत किंवा लंडनच्या काही बरोंमध्ये तिथे राहणाऱ्यांना, नोकरी करणाऱ्यांना आधी संधी देतात. त्यामुळे घर आवडल्यावर कागद गोळा करायला बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. दोघांच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँक स्टेटमेंट, पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), पासपोर्ट आणि व्हिसाचा पुरावा, डिपॉझिट कुठून आलं त्याचे कागद आणि क्रेडिट रिपोर्ट, हे एका फोल्डरमध्ये आधीच तयार ठेवा.

प्राथमिक पात्रता जुळली की रिझर्व्हेशन फी, ती ५०० पौंडांपर्यंत असते. मग मॉर्गेज सल्लागार तुमची पूर्ण तपासणी करतो. पगार, कर्जं, नर्सरीची फी, गाडीचा हप्ता, गावी पाठवता ते पैसे, सगळं धरून तुम्हाला किती हिस्सा झेपतो ते ठरवतो. महिनाअखेरीस हातात काही शिल्लक राहायला हवी असा नियम असतो, तोही विचारून घ्या. ही तपासणी असोसिएशनने सांगितलेल्या सल्लागाराकडून करावी लागली तरी मॉर्गेज स्वतःच्या ब्रोकरकडून घ्यायला तुम्ही मोकळे असता. शेअर्ड ओनरशिपवर कर्ज देणाऱ्या बँका कमी. त्यातही व्हिसावर असलेल्यांसाठी प्रत्येक बँकेचे नियम निराळे, कुठे डिपॉझिट जास्त, कुठे व्हिसाची उरलेली मुदत बघतात. म्हणून स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर रिझर्व्हेशन फी भरण्याआधी ब्रोकरशी बोला. स्विंडनमधल्या आपल्या गोंयकारांपैकी ज्यांच्याकडे सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, आहे त्यांना ही अडचण सहसा येत नाही.

डिपॉझिटचे पैसे भारतातून येणार असतील तर त्याची वेगळी तयारी लागते. आईवडील आरबीआयच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न क्वचितच येतो. प्रश्न येतो कागदांचा. हे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत आणि घरावर आमचा हक्क नाही, असं सहीचं पत्र बँक मागते. सॉलिसिटर विचारतो की वडिलांकडे हे पैसे कुठून आले. एफडी मोडली असेल तर एफडीची पावती, पीएफ मिळाला असेल तर त्याचा कागद, जमीन विकली असेल तर खरेदीखत. तीन नातेवाइकांकडून थोडे थोडे आले तर तिघांचे कागद लागतात. शक्य असेल तर एकाच खात्यातून, एकाच वेळी पाठवायला सांगा. आणि विनिमय दराची वाट बघत शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

असोसिएशन तुम्हाला माहितीचे ठरावीक दस्तऐवज देते, त्यात घराची माहिती आणि खर्चाचा गोषवारा असतो. तो गोषवारा दोघांनी एकत्र बसून वाचा. वेगवेगळ्या हिश्शांना हप्ता आणि भाडं किती, याचं कोष्टक त्यात असतं. एक गंमतीची गोष्ट तिथे दिसेल: २.७५ टक्क्यांचं भाडं आजच्या मॉर्गेजच्या व्याजापेक्षा स्वस्त आहे. मग हिस्सा कमीच का घेऊ नये? कारण व्याजाच्या हप्त्याबरोबर मुद्दल फिटत जातं, आणि भाड्यातून काहीच जमत नाही, उलट ते वाढत जातं. पाच वर्षांत घर बदलायचं असेल तर थोडा कमी हिस्सा चालेल. मुलगी त्याच शाळेतून मोठी होणार असेल तर झेपेल तितका जास्त घ्यावा, असं माझं मत.

हिस्सा पुढे वाढवता येतो, त्याला इथे स्टेअरकेसिंग म्हणतात. नव्या लीजमध्ये एका वेळी ५ टक्के किंवा जास्त घेता येतात, किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने आणि मूल्यांकनाचा खर्च तुमचा. शिवाय पहिली पंधरा वर्षं दरवर्षी १ टक्का घेण्याची सोय आहे, तिला मूल्यांकन लागत नाही. या एक टक्क्याची जाहिरात फार होते. आपल्या उदाहरणात १ टक्का म्हणजे ३,००० पौंड, आणि त्याने भाडं महिन्याला सुमारे ७ पौंडांनी कमी होतं. साठवत गेलात तर चांगलंच, पण त्यावर भिस्त ठेवून हिशोब करू नका. पगार वाढला की एकदम मोठा हिस्सा घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण वकील, मूल्यांकन, मॉर्गेज फी हे खर्च दर वेळी नव्याने होतात.

भाड्याने देणं ही आणखी एक अडचण. शंभर टक्के मालकी होईपर्यंत पूर्ण घर भाड्याने देता येत नाही, परवानगी फार अपवादाने मिळते. कंपनीने दोन वर्षांसाठी पुण्याला परत पाठवलं तर काय, हा प्रश्न आयटीतल्या मंडळींनी सही करण्याआधी स्वतःला विचारावा. विकायला काढलंत तर नव्या लीजमध्ये असोसिएशनला ग्राहक शोधायला आधी ४ आठवडे द्यावे लागतात, जुन्यात बहुधा ८. त्यानंतर एजंटकडे जाता येतं. आणि भाडं थकवणं हे मॉर्गेज थकवण्याइतकंच गंभीर आहे. तुम्ही भाडेकरूही असता, त्यामुळे भाड्याच्या थकबाकीवरून घर जाऊ शकतं. पैसे अडले तर पत्र यायची वाट न बघता असोसिएशनला आणि बँकेला त्याच आठवड्यात फोन करा.

त्या फोननंतर रेडिंगच्या मुलाने असोसिएशनला ईमेल पाठवली, ती त्याने मागच्या रविवारी मला दाखवली. त्यात त्याने चार प्रश्न विचारले होते: लीज कोणत्या सूत्राचं, सर्व्हिस चार्जमध्ये काय काय धरलंय, लिफ्टसाठी वेगळा राखीव निधी आहे का, आणि सोलापूरला आजीच्या घरावर बायकोचं नाव आहे, त्याचे कोणते कागद लागतील. तीन उत्तरं आली आहेत. लिफ्टचं यायचं आहे, तोवर त्याने रिझर्व्हेशनचे पैसे भरलेले नाहीत.